मृत्युपत्र, नामनिर्देशन आणि विश्वस्तनिधी

आपल्या सभासद कुटुंबांपैकी पुष्कळांचे राहते घर हैदराबादेत, आणि वडिलोपार्जित शेती मराठवाड्यात किंवा बीदर-गुलबर्ग्याकडे, अशी स्थिती आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जुन्या हैदराबाद राज्याचे तीन प्रांतांत विभाजन झाले आणि एकाच घराण्याच्या मिळकतीची कागदपत्रे तीन ठिकाणच्या कचेऱ्यांत विखुरली. अशा घरातील कर्ता पुरुष कोणतीही लेखी व्यवस्था न करता निवर्तला, म्हणजे मागे राहिलेल्यांची किती ओढाताण होते, हे आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिलेलेच आहे. जुन्या पिढीतील मंडळी ज्यास 'वसीयतनामा' म्हणत, त्या मृत्युपत्राचा व तदनुषंगिक गोष्टींचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम मृत्युपत्र केलेच नाही तर काय होते, ते पाहू. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यान्वये पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांस समान वाटा मिळतो. वडिलांचे नाव या पहिल्या श्रेणीत नाही. समजा, एक गृहस्थ वृद्ध आई, पत्नी, एक मुलगा व दोन मुली मागे ठेवून वारले. मिळकतीचे पाच समान भाग होतील. पुढे ती वृद्ध माता मृत्युपत्र न करता निवर्तली, तर तिचा पाचवा हिस्सा तिच्या सर्व वारसांकडे, म्हणजे मृत गृहस्थांच्या भावाबहिणींकडेही जाईल. काका-आत्यांचे नाव आपल्या घराच्या कागदावर अकस्मात कसे आले, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर हे आहे. यात कोणी लबाडी केलेली नसते.

वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलींना जन्मसिद्ध हक्क देण्याच्या कामी आपला प्रांत पुढे होता, हे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. आंध्र प्रदेशाने 5 सप्टेंबर 1985 पासून तो दिला, मात्र तत्पूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळून. महाराष्ट्र व कर्नाटक यांनी 1994 मध्ये तीच वाट धरली. 9 सप्टेंबर 2005 पासून तो देशभर, विवाहित-अविवाहित असा भेद न करता लागू झाला. आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. 'मुलीला लग्नात दिले, आता तिचा संबंध नाही' हे वाक्य अद्याप आपल्या घरांतून ऐकू येते. कायद्यापुढे त्यास काडीचीही किंमत नाही.

भगिनीवर्गाने मात्र पुढील मजकूर विशेष लक्षपूर्वक वाचावा. अपत्यहीन विधवा स्त्री मृत्युपत्राविना वारली, तर तिला आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत माहेरी परत जाते. परंतु तिने स्वतः कमावलेले धन पतीच्या वारसांकडे जाते. याचे दारुण उदाहरण सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये निकालात काढलेल्या एका खटल्यात दिसते. 1955 मध्ये विवाह झालेल्या एका मुलीचा पती तीन महिन्यांच्या आत सर्पदंशाने वारला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी तिला शिकविले, तिने नोकरी केली, आणि 1996 मध्ये ती बँकेतील ठेवी व भविष्य निर्वाह निधी मागे ठेवून निवर्तली. तिची आई हयात होती. तथापि निकाल लागला तो पतीच्या वारसांच्या बाजूने. सहानुभूती हा कायद्याचा अर्थ लावण्याचा आधार होऊ शकत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्या बाईने दोन साक्षीदारांसमक्ष एक कागद लिहून ठेवला असता, तर सारे धन आईस मिळाले असते. आमच्या मते प्रत्येक मिळवत्या स्त्रीने, मग ती विवाहित असो, विधवा असो वा अपत्यहीन असो, आपले मृत्युपत्र स्वतंत्रपणे करावे. पतीच्या मृत्युपत्रात तिची सोय आहे, एवढ्यावर विसंबू नये.

दुसरा मोठा गैरसमज नामनिर्देशनाविषयी, म्हणजे बँकेत 'नॉमिनी' लिहून देतात त्याविषयी, आहे. नॉमिनी झाला म्हणजे मालक झाला, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. ज्यांची 'कालनिर्णय' दिनदर्शिका आपल्या घरोघरी भिंतीवर असते, ते जयंत साळगांवकर 2013 मध्ये दिवंगत झाले. त्यांनी मृत्युपत्र केले होते; मात्र काही गुंतवणुकींवर नॉमिनी म्हणून कुटुंबातील निवडक व्यक्तींची नावे होती. त्या रकमा पूर्णपणे नॉमिनींच्या की मृत्युपत्राप्रमाणे वाटावयाच्या, हा वाद मुंबईच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर 2023 मध्ये निकाल झाला, की कंपनीच्या भागांचा नॉमिनी वारसाहक्कास बाजूस सारू शकत नाही. नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा हात होय. ती कोणाची, हे मृत्युपत्र अथवा वारसा कायदा ठरवितो. आयुर्विम्याच्या बाबतीत 2015 च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी व अपत्ये या नॉमिनींना अधिक हक्क दिलेला आहे, एवढा फरक ध्यानी ठेवावा. नॉमिनीचे नाव व मृत्युपत्रातील नाव एकमेकांशी जुळते की नाही, हे एकदा निवांतपणे ताडून पाहणे बरे.

मृत्युपत्र करणे मुळीच अवघड नाही. त्यास मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो, कोणतीही भाषा चालते; मराठीतच लिहावे, म्हणजे करणाऱ्यास आपण काय लिहिले ते नीट कळते. करणाऱ्याची सही वा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. पुढे वाद झाल्यास निदान एका साक्षीदारास न्यायालयात उभे राहावे लागते; सबब साक्षीदार आपल्याहून वयाने लहान, ठावठिकाणा असलेले, आणि ज्यांना मिळकतीतून काही मिळावयाचे नाही असे निवडावेत. आपल्या समवयस्क स्नेह्यांस साक्षीस बसविण्याची जी रीत आहे, ती आम्हांस गैरसोयीची वाटते. नोंदणी सक्तीची नाही, पण वृद्धापकाळी केलेल्या मृत्युपत्रावर 'बुद्धी ठिकाणावर नव्हती' असा आक्षेप हमखास येतो. तेव्हा नोंदणी करणे आणि डॉक्टरांचा दाखला जोडणे श्रेयस्कर. लिफाफा मोहोरबंद करून जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणून देण्याचीही सोय कायद्यात आहे. मृत्युपत्र हवे तेव्हा बदलता येते व अखेरचे ते खरे. म्हणून दिनांक घालण्यास विसरू नये.

मृत्युपत्र मरणोत्तर अंमलात येते. विश्वस्तनिधी, ज्यास आपण ट्रस्ट म्हणतो, हयातीतही चालू करता येतो. देणारा एक, सांभाळणारा दुसरा, लाभ घेणारा तिसरा, अशी ही त्रिपुटी. मतिमंद अपत्य किंवा अज्ञान नातवंडे ज्या घरी आहेत, तेथे हा मार्ग विशेष उपयोगी. स्थावर मिळकत हयातीतच ट्रस्टमध्ये द्यावयाची तर दस्त नोंदविलेला असावा लागतो.

त्रिपुटीतील कोण कोणत्या नात्याने पैसा घेतो, हे लिहून न ठेवल्यास काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण आपल्याच शहरातील आहे. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाईच्या सुमारास निजामाच्या लंडनमधील बँकखात्यातून 10 लाख 7 हजार 490 पौंड तेथील पाकिस्तानी उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या खात्यात वळविण्यात आले. काही दिवसांतच निजामाने रक्कम परत मागितली. बँकेने उभयतांच्या संमतीखेरीज देण्यास नकार दिला. 1957 मध्ये परराष्ट्राच्या सार्वभौमत्वाच्या मुद्द्यावर खटला अडला आणि रक्कम गोठून राहिली. सातवे निजाम 1967 मध्ये वारले. 2 ऑक्टोबर 2019 रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने ठरविले, की उच्चायुक्तांनी ती रक्कम मालक म्हणून नव्हे, तर निजामासाठी विश्वस्त म्हणून धारण केली होती. 71 वर्षांत ती सुमारे 3 कोटी 50 लाख पौंड झाली होती. याउलट त्याच निजामाने आपल्या जडजवाहिराचा रीतसर ट्रस्ट केला होता. आपण व ज्येष्ठ पुत्र दोघेही निवर्तल्यावरच विक्री व्हावी, अशी अट दस्तात लिहिलेली होती. आणि 1995 मध्ये भारत सरकारने 173 नग विश्वस्तांकडून विकत घेतले. त्या विक्रीपूर्वीही किंमतीवरून न्यायालयाच्या वाऱ्या झाल्याच, पण दागिने कोणाचे व विकण्याचा अधिकार कोणास, हे दस्तावरून उघड होते.

काही सभासद देवस्थानास मृत्युपत्राने काही ठेवू इच्छितात. हिंदू धर्मशास्त्र व न्यायालये देवतेस स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती मानतात, त्यामुळे तिच्या नावे मिळकत देता येते. मात्र 'देवकार्यास' एवढाच शब्द लिहू नये. नित्य पूजेस, अन्नदानास की विद्यार्थ्यांच्या शुल्कास. मूळ रक्कम खर्चावयाची की केवळ व्याज. आणि तो हेतू कालांतराने अशक्य झाल्यास पुढे काय, या तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात, व मजकूर अंतिम करण्यापूर्वी वकिलास दाखवावा.