आधी माशाचं ताट मांडा

परंड्यात समुद्र म्हणजे पिशवीतलं मीठ आणि जारचं पाणी. कोकणचा किनारा इथून सरळ रेषेतही अडीचशे किलोमीटरच्या वर. तरी मी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, कारण लहानपणी मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात पाहिलेला लायनफिश डोळ्यांसमोरून हटत नव्हता. दोनशे लिटरची टाकी, लिटरमागे 35 ग्रॅम समुद्री मीठ, तापमान 26 अंश, सगळं मोजूनमापून केलं. मासा काय खाणार, हा विचार मात्र तो घरी आल्यावर सुरू झाला.

लायनफिश बुटक्या जातीचा होता. चार दिवस त्याने कोळंबीच्या तुकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जिवंत खाद्य हवं, तर गप्पी आपल्याकडे कुठेही मिळतात. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खातंच ते हौदात सोडायला देतं. शेजारच्या हौदातले पंधरा-वीस आणले आणि तसेच टाकीत ओतले. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातलं पाणी खारं पाणी ओढून घेतं. बघता बघता ते तिरपे झाले आणि कल्ले फडफडवत तळाला गेले. लायनफिशने पर पसरून दोन-तीन टिपले. जे हलायचे थांबले त्यांच्याकडे तो वळलाच नाही.

दिसले तेवढे मी काढले. दगडांमागे काही राहिलेत, हे दोन दिवसांनी वासावरून कळलं. अमोनियाच्या चाचणीत नळी पिवळी राहायला हवी. माझी गर्द हिरवी झाली. रात्रभर पाणी बदलत राहिलो. लायनफिश वरच्या कोपऱ्यात धापा टाकत होता. पहाटे पर मिटून आडवा पडलेला दिसला.

म्हणून सांगतो, शिकारी माशाच्या आधी त्याच्या भक्ष्याची टाकी चालू करा. मॉली त्यासाठी सगळ्यात बरी. ती पिल्लं घालते आणि खाऱ्या पाण्यातही जगते, पण हळूहळू सवय लावली तरच. वेगळ्या टबात आठ-दहा दिवस रोज थोडं गोडं पाणी काढून तेवढंच खारं घालत जा. गप्पीलाही असंच सरावता येतं. बाजारातले मासे आणलेत तर दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा, रोग त्यांच्यासोबतच येतात. गोल्डफिश कधीच खाऊ घालू नका. त्यात थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं, आणि शिकाऱ्याला त्याचा त्रास महिन्यांनी दिसतो. भक्ष्याला आदल्या दिवशी स्पिरुलिनासारखं चांगलं खाणं द्या. त्याच्या पोटात जे जातं तेच पुढे लायनफिशच्या पोटात जातं. आठवड्यातून दोन-तीनदा, खाईल तेवढंच सोडा आणि उरलेलं मोजून बाहेर काढा. मी मोजले नव्हते.

जिवंत खाद्यावर त्याला कायम ठेवूही नका. गोड्या पाण्यातल्या माशांत समुद्री माशांतली चरबी पुरेशी नसते. कोळंबीची किंवा समुद्री माशाची फाक काडीला लावून त्याच्या तोंडासमोर हलवत राहा. काही दिवस तो फसणार नाही, मग एका दिवशी झेप घेईल. हात मात्र लांब ठेवा. त्याचे काटे विषारी असतात. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि लगेच दवाखाना गाठा.

आपल्या भागातल्या आणखी तीन गोष्टी. बोअरचं जड पाणी वापरू नका, आरओचंच घ्या. उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून तूट साध्या आरओ पाण्याने भरा, खाऱ्याने नव्हे. वीज गेली तर हवेचा पंप बॅटरीवर चालला पाहिजे. कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

आता टाकी पुन्हा भरली आहे, मासा नाही. कोळंबीचा एक तुकडा टाकून अमोनिया संपवणारे जिवाणू वाढू दिले. सहावा आठवडा चालू आहे आणि कालची नळी पिवळी निघाली. अंगणातल्या खाऱ्या टबात मॉलीची अकरा पिल्लं आहेत. ती मोठी होऊन त्यांना पिल्लं होईपर्यंत मी लायनफिश आणणार नाही.