जिवंत झरा आणि जिवंत दाणा : सजीवांच्या लक्षणांचा एक पाठ

"सजीव कोणास म्हणावे?" असा प्रश्न प्राथमिक शाळेच्या वर्गात विचारला असता मुले एका सुरात उत्तर देतात : जे हालचाल करते, श्वास घेते, अन्न खाते, वाढते आणि पिलांना जन्म देते ते सजीव. उत्तर चुकीचे नाही. परंतु त्याच मुलांपुढे भाताचा एक दाणा ठेवून "हा सजीव की निर्जीव?" असे विचारावे, म्हणजे वर्गात दोन तट पडतात आणि "निर्जीव" म्हणणारा तट काही लहान नसतो. दाणा हालत नाही, खात नाही, वाढत नाही; पाठ केलेल्या लक्षणांपैकी एकही त्याच्या ठायी दिसत नाही. शेतकऱ्याच्या मुलाने कणगीतील बियाण्यास निर्जीव म्हणावे, ही गोष्ट शिक्षकास विचारात पाडणारी आहे. ज्या दाण्यावर घराचे वर्षाचे पोट अवलंबून असते, तो जिवंत आहे की मेलेला हे ओळखता न आल्यास लक्षणांची यादी पाठ असून उपयोग काय?

हा पाठ परिसरातून शिकविण्यास भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी या तानसाकाठच्या गावांसारखे दुसरे ठिकाण शोधून सापडणे कठीण. येथील गरम पाण्याची कुंडे यात्रेकरूंस स्नानासाठी ठाऊक आहेत. विज्ञानाच्या शिक्षकास ती दुसऱ्याच कारणासाठी मोलाची वाटावीत. सजीव दिसणारे निर्जीव आणि निर्जीव दिसणारे सजीव, ही दोन्ही तेथे हातभर अंतरावर नांदतात.

मुलांना कुंडाकाठी नेण्यापूर्वी काही खबरदारी घेणे अवश्य आहे. ही कुंडे स्नानाची व श्रद्धेची स्थाने असल्याने तेथील व्यवस्था पाहणाऱ्यांची संमती आधी घ्यावी. सर्व कुंडांचे पाणी सारखेच ऊन नसते; एखाद्यात पाय सोडून बसता येते, तर एखाद्यात बोटही ठेववत नाही. म्हणून मुलांना पायऱ्यांवरून खाली उतरू देऊ नये. पाण्याची उष्णता मोजावयाची झाल्यास प्रयोगशाळेतील तापमापक न्यावा. ताप पाहण्याचा तापमापक ४२ अंशांच्या आसपासच संपतो. तो अशा पाण्यात बुडविल्यास फुटून पारा सांडण्याचा संभव असतो.

कुंडाकाठी उभे राहून मुलांना प्रथम एवढेच विचारावे की, येथे सजीव काय काय दिसते? पाण्यातून बुडबुडे उसळत असतात, वाफ वर चढत असते, पाणी वाहत असते. एखादा मुलगा "झरा जिवंत आहे" असे म्हणेल, आणि त्यास लगेच चूक ठरविण्याची घाई करू नये. विहिरीला जिवंत झरे लागले, असे आपणच बोलतो. आटत नाही तो झरा जिवंत, हा भाषेचा अर्थ आहे. नदी धावते, वारा पडतो, घड्याळ चालते. भाषेने ज्यास जिवंत म्हटले त्यास शास्त्रही जिवंत म्हणेल काय, हा प्रश्न मुलांच्याच बोलण्यातून निघावा हे उत्तम.

येथे बुडबुड्यांचे कारण सांगावे. सह्याद्रीच्या काळ्या कातळातील खोल भेगांतून पावसाचे पाणी खाली उतरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. त्याबरोबर येणारा वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. पाणी उकळत असल्यामुळे बुडबुडे येतात असा मुलांचा समज असतो. तो काढून टाकावा. जवळपास जागता ज्वालामुखी असल्याचीही कल्पना काही मुले बोलून दाखवितात. तसे काही नाही. ही सर्व हालचाल बाहेरच्या कारणाने घडते. पाणी आपल्या गरजेसाठी हालत नाही, व हालले नाही म्हणून त्याचे काही बिघडत नाही.

मग मुलांची दृष्टी कुंडाच्या ओल्या दगडाकडे वळवावी. ऊन पाण्याच्या कडेने दगडावर जो हिरवट, कोठे निळसर-काळपट असा बुळबुळीत थर चढलेला आढळतो, त्याकडे कोणी पाहिलेले नसते. तो हालत नाही, आवाज करीत नाही. मुले त्यास मळ म्हणतात. तो थर म्हणजे लक्षावधी सजीवांची वस्ती होय. नील-हरित शैवाल या नावाने ओळखले जाणारे हे अतिसूक्ष्म जीव सूर्यप्रकाशात आपले अन्न आपण तयार करतात, वाढतात आणि दुभंगून एकाचे दोन होतात. शास्त्रज्ञ त्यांची गणना आज जीवाणूंत करतात. अकलोली व गणेशपुरी येथील उन्हाळ्यांत कोणती शैवाले राहतात याचा अभ्यास थॉमस व गोन्साल्विस या संशोधकांनी केला व तो १९६५ साली 'हायड्रोबायोलॉजिया' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या पायरीवर गावची मुले रोज बसतात, तिच्यावरील "मळ" जगातील शास्त्रज्ञांच्या वाचनात गेलेला आहे, हे मुलांना अवश्य सांगावे.

इतक्या ऊन पाण्यात जीव तग कसा धरतो, हा प्रश्न पुढे आपोआप येतो. अंडे उकडले असता त्याचा पांढरा बलक घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही. सामान्य सजीवांच्या शरीरातील प्रथिनांचीही अतिउष्णतेने अशीच दुर्दशा होते, व म्हणून ते मरतात. उष्णताप्रिय जीवाणूंची प्रथिने मात्र अशा घडणीची असतात की ती उष्णतेतही आपला आकार सोडीत नाहीत. अमेरिकेतील यलोस्टोन येथील उष्ण झऱ्यांत टॉमस ब्रॉक व त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना १९६६ साली सुमारे ७० अंश सेल्सिअस उष्णतेत सुखाने वाढणारा एक जीवाणू मिळाला. त्यास 'थर्मस ॲक्वाटिकस' असे नाव देऊन त्यांनी त्याचे वर्णन १९६९ साली प्रसिद्ध केले. त्या वेळी या शोधाचा व्यवहारात काही उपयोग होईल असे कोणाच्या ध्यानी आले नसेल. पुढे कॅरी मुलिस यांनी १९८३ साली जनुकद्रव्याच्या असंख्य प्रती काढण्याची रीत शोधली. तिच्यासाठी १९९३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या रीतीत मिश्रण पुनःपुन्हा तापवावे लागते, आणि त्या तापात न बिघडणारे विकर याच जीवाणूपासून मिळाले. २०२० सालच्या कोरोनाच्या साथीत नाकातील स्राव घेऊन जी तपासणी होत असे, ती याच रीतीवर आधारलेली होती. उष्णतेची ज्ञात मर्यादा तर याहून पुष्कळ पुढे आहे. हिंदी महासागराच्या तळावरील उष्ण विवरांत सापडलेला एक सूक्ष्मजीव प्रचंड दाबाखाली १२२ अंशांतही वाढतो, असे जपानी शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखविले.

यातून आणखी एक व्यवहाराची गोष्ट निघते. कुंडाचे पाणी ऊन आहे म्हणून ते जंतुरहित आहे, असे मुलांनी समजू नये. पाणी चांगले उकळले असता रोगजंतू मरतात. नुसते कढत असलेले, अनेकांच्या स्नानाचे पाणी तोंडात घेणे योग्य नव्हे.

शाळेत परतल्यावर लक्षणे एकेक करून तपासावीत. सर्वांना सारखा वेळ देण्याचे कारण नाही. हालचालीचा निकाल कुंडाकाठीच लागलेला असतो. वाढीसाठी मिठाचा खडा पुरे : भाईंदर-वसईकडील मिठागरांत मिठाचे खडे वाढतात, पण ती वाढ बाहेरून थर चढल्याने होते, वासरू वाढते ते आतून, खाल्लेल्या चाऱ्याचे रक्तमांस करून. प्रजननाविषयी मुले फार ठाम असतात. त्यांना गोठ्यातील बैलाविषयी विचारावे. खच्ची केलेल्या बैलास वासरे होत नाहीत. म्हणून तो निर्जीव ठरतो काय? मुले हसतात, आणि हसताहसताच त्यांना कळते की एखादे लक्षण एकट्या प्राण्यात नसले तरी त्याच्या जातीत ते असते. प्रतिसादासाठी लाजाळूचे झाड पावसाळ्यात कोकणात वाटेवर भेटतेच. तथापि केवळ लाजाळूच स्पर्श जाणते असा ग्रह होऊ देऊ नये. इतर वनस्पतींचा प्रतिसाद संथ असल्याने डोळ्यांस दिसत नाही इतकेच. जगदीशचंद्र बोस यांनी क्रेस्कोग्राफ हे यंत्र रचले ते अशी सूक्ष्म वाढ मोजता यावी म्हणूनच.

दिव्याची ज्योत मात्र हुशार मुलांसाठी राखून ठेवावी. ती तेल खाते, हवा घेते, वाढते, एका ज्योतीपासून दुसरी पेटते, आणि बरणी उपडी घातली की गुदमरून विझते. सर्व लक्षणे जुळली! मग ती सजीव का नव्हे? ज्योतीस घडण नाही, हे उत्तर. सजीव मग तो हत्ती असो वा कुंडावरील शैवाल, पेशींचा बनलेला असतो. शैवालात काही वेळा पेशी एकच असते, पण ती असते. ज्योतीत पेशी नाही, आणि पेशीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला जो लेख असतो तोही तिच्यात नाही. सूक्ष्मदर्शक उपलब्ध असल्यास कांद्याच्या आतील पातळ पापुद्रा त्याखाली दाखवावा. विटांच्या भिंतीसारखी पेशींची रचना एकदा पाहिली की मुले ती विसरत नाहीत.

श्वसनास अधिक वेळ द्यावा, कारण येथे मुलांचा गोंधळ मोठा असतो. श्वसन म्हणजे छाती वरखाली होणे असे त्यांना वाटते. खाण्याचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवावा व वरची स्वच्छ निवळी काढून घ्यावी. रुंद तोंडाच्या तीन बाटल्यांच्या तळाशी थोडी थोडी निवळी घालावी. एका बाटलीत मोड आलेले मूग ओल्या फडक्यात बांधून दोऱ्याने टांगावे, दुसरीत उकळून गार केलेले मूग तसेच टांगावे, आणि तिसरीत नुसते ओले फडके. झाकणे घट्ट लावून रात्रभर ठेवावे. सकाळी पहिल्या बाटलीतील निवळी हलविली असता दुधाळ होते. मोडांनी सोडलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडची ती खूण होय. नाक नसलेल्या मुगाने श्वसन केले! वनस्पती दिवसा एक वायू घेतात व रात्री दुसरा, असे जे मोघम सांगितले जाते तेही येथे दुरुस्त करावे. श्वसन दिवसरात्र चालते. दिवसा त्याच्या जोडीला अन्न तयार करण्याचे काम चालते म्हणून ते झाकले जाते.

या प्रयोगात एक अडचण संभवते. उकळलेल्या मुगाची बाटली दोन-तीन दिवस तशीच राहिली तर तिच्यातील निवळीही दुधाळ होते. अशा वेळी प्रयोग बिघडला म्हणून बाटली फेकून देऊ नये. मूग मेले आहेत, पण हवेतून व हातावरून आलेले सूक्ष्मजीव त्यांवर वाढू लागले आहेत, आणि श्वसन ते करीत आहेत. बाटली उघडताच येणारा आंबूस वास मुलांना पुरावा म्हणून पुरेसा होतो.

आता भाताच्या दाण्याकडे वळावे. तीन ताटल्यांत ओले फडके पसरून पहिलीत बियाण्याचे दहा दाणे, दुसरीत तेच दाणे दहा मिनिटे उकळून, व तिसरीत गिरणीतून सडून आणलेले दहा तांदूळ ठेवावेत. दुसऱ्या दिवशी तिन्ही ताटल्यांतील दाणे फुगलेले दिसतात, आणि मुले सर्वच वाढले असे म्हणतात. फुगणे म्हणजे वाढणे नव्हे. वाळलेले लाकूडही पाण्यात फुगते. चार-पाच दिवसांनी मात्र फरक उघड होतो. पहिल्या ताटलीत कोंब येतात, दुसरीत येत नाहीत, तिसरीतही येत नाहीत. तांदूळ का उगवत नाही, हे मुलांनाच शोधू द्यावे. सडलेल्या तांदळाच्या एका टोकाशी बारीक खाच असते. तेथे अंकुर होता. तो कोंड्याबरोबर निघून गेला. उरला तो अंकुराचा शिधा.

पहिल्या ताटलीतील दाणा कणगीत असतानाही जिवंत होता. त्याचे श्वसन इतके मंद होते की ते जाणवू नये; जीवनाची सर्व कामे त्याने अगदी थोड्यावर आणून ठेवली होती. अशी निद्रा किती काळ टिकावी यास ठराविक मर्यादा नाही. इस्रायलमधील मसादा किल्ल्याच्या उत्खननात मिळालेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ साली रुजली. भाताच्या दाण्याची गोष्ट अशी नाही. ओल लागली, कोठीत ऊब धरली, की तो थोड्या महिन्यांतही मरतो, आणि मेल्यावर रंग, आकार, वजन सारे जसेच्या तसे दिसते. डोळ्यांनी पाहून त्यास कोणी ओळखू शकत नाही.

मोठ्या वर्गातील मुले या ठिकाणी विषाणूविषयी विचारतात. कोरोनानंतर हा प्रश्न टाळता येत नाही, व टाळूही नये. वेंडेल स्टॅनली यांनी १९३५ साली तंबाखूच्या पानावरील रोगाचा विषाणू साखरेसारख्या स्फटिकरूपात वेगळा केला. पेशीबाहेर विषाणू खात नाही, श्वसन करीत नाही, वाढत नाही; पेशीत शिरताच तिच्याकडून आपल्या प्रती करवून घेतो. त्यास कोणत्या बाजूस बसवावे याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही, हेच खरे उत्तर मुलांना द्यावे.

दाण्याचा प्रयोग एप्रिल महिन्यात, सुटी लागण्यापूर्वी घ्यावा. प्रत्येक मुलाने घरच्या बियाण्यातून न निवडता शंभर दाणे आणावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडून, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी व ती सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे. आठव्या दिवशी गुंडाळी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. प्रमाणित भात-बियाण्यास शेकडा किमान ८० उगवण लागते. ज्याची मोजणी त्याहून कमी भरेल त्याने तो आकडा कागदावर लिहून घरी न्यावा. दुसरे बियाणे मिळविण्यास पेरणीपर्यंत अजून महिना-दीड महिना हाती असतो.