बोटीचा गंज जोडात बसतो

कर्वेनगरातल्या आमच्या गॅलरीचं लोखंडी ग्रिल इमारतीइतकंच जुनं आहे. अधूनमधून रेड ऑक्साइडचा हात आणि वरून ऑइल पेंट, एवढ्यावर ते धडधाकट उभं आहे. पावसात भिजलेलं लोखंड इथे दिवाळीपर्यंत खडखडीत वाळतं, त्यामुळे गंज म्हणजे पुणेकराला किरकोळ कटकट वाटते. पण कोकणात घर, होमस्टे किंवा बोट घेणारे आपल्याकडचे लोक हल्ली पुष्कळ झालेत, आणि बरेच जण जिने, कठडे, फिटिंग इथल्याच ओळखीच्या वर्कशॉपमधून करून नेतात. त्यांच्यासाठी हर्णैच्या एका बोटीची हकिगत सांगतो.

बोट माझ्या आतेभावाची. मासेमारीची, फायबरची. तिचं रेलिंग त्यानं पुण्याच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतलं. माल आरशासारखा चकचकीत. ‘स्टेनलेस आहे का?’ असं विचारल्यावर कारागिरानं लोहचुंबक लावून दाखवलं. चिकटलं नाही, सगळे खूश. नारळी पौर्णिमेला बोट समुद्रात गेली. शिमग्याच्या सुमारास वेल्डिंगच्या कडेनं चहाच्या रंगाचे ओघळ दिसायला लागले. तांडेल म्हणाला, ‘वरचा डाग आहे दादा, घासला की जातो.’ तारेच्या घासणीनं घासल्यावर गेलाही.

मे अखेरीस बोट आंजर्ल्याच्या खाडीत घेत असताना एक खलाशी दोर ओढता ओढता रेलिंगला रेलला. खांब बुंध्यातून मोडला आणि माणूस पाइपासकट पाण्यात. खाडीचं पाणी शांत, पोरगा लहानपणापासून पोहणारा. नडगी खरचटली तेवढीच. हेच वीस वाव पाण्यात, रात्री झालं असतं तर काय, हा विचार नंतर कितीतरी दिवस आतेभावाला झोपू देत नव्हता.

माझी सगळी नोकरी कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये झाली, म्हणून त्यानं मला बोलावून घेतलं. मोडलेला खांब वरून अजून चकचकीत होता. बुंधा मात्र आतून काळा पडलेला आणि सुईनं टोचल्यासारखी भोकं पडलेला. डेकवरची प्लेट उघडली तर वॉशरखाली खाऱ्या पाण्याचा चिकटा. डेकच्या खालून ‘हलकी पडते’ म्हणून ॲल्युमिनियमची पट्टी लावलेली होती. तिचा बोल्टभोवती पांढरा भुगा झाला होता आणि भोकं इतकी मोठी झाली होती की बोल्ट हातानं हलत होते.

स्टेनलेसला गंज चढत नाही तो त्यातल्या क्रोमियममुळे. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा अतिशय पातळ थर वर बसतो. ओरखडा पडला तरी हवा मिळताच तो भरून येतो. वॉशरखाली, पाइपाच्या आत, वेल्डिंगच्या फटीत खारं पाणी शिरतं पण ताजी हवा पोचत नाही. तिथे थर फाटला की फाटला. म्हणून उघड्यावरचा डाग पाहून घाबरू नका आणि तो पुसून निर्धास्तही होऊ नका. तो डाग आतल्या गोष्टीची खबर असू शकतो. तारेची घासणी तर स्टेनलेसला लावूच नये. तिचे लोखंडी कण पृष्ठभागात रुततात आणि नवा गंज तिथून धरतो. नायलॉनचा ब्रश पुरतो.

लोहचुंबकाच्या परीक्षेला बाजारात फार मान आहे, पण २०२, ३०४ आणि ३१६ या तिन्ही जाती लोहचुंबकाला साधारण दाद देत नाहीत. फरक पोटात असतो. २०२ मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. कर्वेनगरातल्या जिन्याच्या कठड्याला ते उत्तम चालतं. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठातल्या क्लोराइडला तोंड देतं ते हेच. ते ओळखणारी रसायनं मिळतात, एका थेंबाचं काम असतं. वेल्डिंग करायचं असेल तर कमी कार्बनचं ३१६एल मागावं, आणि वेल्डिंगनंतर पडलेला निळा-तपकिरी पट्टा वर्कशॉपमध्येच आम्लाच्या पेस्टनं काढून घ्यावा. ती पेस्ट जहाल असते, घरी हात लावू नका.

मीठ समुद्रातच भेटतं असंही नाही, ते वाऱ्यावरून येऊन बसतं. साधं मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला पाणी सुटून ओलं होतं. समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलसर व्हायला लागतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा त्याहून कोरडी असते, हर्णैला क्वचितच. म्हणजे किनाऱ्यावर वाळलेली दिसणारी बोट बहुधा वाळलेली नसतेच. यावर सगळ्यात स्वस्त औषध गोड्या पाण्याचं. बंदरात आल्यावर फिटिंगवरून, विशेषतः सांध्यांतून, गोडं पाणी सोडायचं. बंदरावर पाण्याची टंचाई असते हे मला ठाऊक आहे. निदान बादली आणि फडकं तरी.

दोन वेगळ्या धातूंच्या जोडीचं दुखणं निराळं. खाऱ्या पाण्यात त्यांची बॅटरी तयार होते आणि जास्त क्रियाशील, म्हणजे खालच्या पायरीचा धातू स्वतः झिजून दुसऱ्याला राखतो. आपल्या बोटीत ॲल्युमिनियम झिजलं, स्टेनलेस बोल्ट शाबूत राहिले. इंग्रजांच्या आरमारानं हा धडा ‘अलार्म’ नावाच्या जहाजावर घेतला. १७६१ मध्ये त्याच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. १७६३ मध्ये पाहिलं तर लोखंडी खिळे खाल्ले गेले होते. जिथे पत्र्याखाली गुंडाळणीचा तपकिरी कागद राहून गेला होता, तिथले खिळे मात्र टिकले होते. त्या कागदाचं काम आज नायलॉनचं वॉशर, बोल्टवर चढवायची प्लास्टिकची नळी आणि सीलंट करतात. नव्या खांबांखाली आम्ही हे सगळं घातलं आणि ॲल्युमिनियमची पट्टी काढून ३१६ चीच लावली. बोल्टला लावायचं ग्रीसही पाहून घ्या. आपल्याकडे सर्रास ग्राफाइटचं देतात. ग्राफाइट पोलादाहूनही वरच्या पायरीचं, ते शेजारच्या धातूला खायला मदत करतं.

हीच झिजण्याची खोड १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीनं कामाला लावली: तांब्याच्या तळाला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले, म्हणजे ते झिजतील आणि तांबं वाचेल. तांबं वाचलं, पण विरघळायचं थांबल्यामुळे त्यावर शिंपले चढले आणि जहाजं मंदावली. आज बोटीच्या तळाला, पंखा आणि शाफ्टजवळ बसवतात ते जस्ताचे ठोकळे याच युक्तीचे. ते झिजले म्हणून वैतागू नका, झिजण्यासाठीच ते आहेत. काळजी करा ती वर्षभरात अजिबात न झिजलेल्या ठोकळ्याची. म्हणजे त्याचा बोटीच्या धातूशी विजेचा संबंध तुटलाय, किंवा कुणीतरी हौसेनं त्यावर रंग फासलाय. निम्मा गेला की बदला. खडकवासल्यासारख्या गोड्या पाण्यात जस्त सुस्त पडतं, तिथे मॅग्नेशियमचे ठोकळे घालतात. तेच समुद्रात नेले तर भराभर संपतात.

पाण्याखालच्या व्हॉल्व्हला घरगुती पितळी कॉक लावू नका. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि मागे भुसभुशीत, गुलाबीसर तांबं उरतं. चाकूनं खरवडून रंग पाहा. तिथे ब्राँझ किंवा गनमेटलच हवं. बॅटरीच्या वायरीचं आवरण फाटून वीज पाण्यात झिरपत असेल, तर बाकीच्या गंजाला वर्षं लागतात ते काम दिवसांत होतं. बोट उभी करून जाताना मुख्य स्विच बंद करा.

या तपासणीला वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न निदान मासेमारीच्या बोटींना पडू नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि बोटी शाकारून ठेवलेल्या असतात. रंगकाम तेव्हा सगळेच करतात. रंगाच्या आधी दर खांबाचा एक तरी बोल्ट काढून बघा. एक वाईट निघाला तर सगळे काढा. गंजलेल्या जोडावर नुसता रंग चढवला तर आतलं पाणी कोंडून राहतं आणि पुढचं वर्ष ते आपलं काम बिनबोभाट करत राहतं.

आतेभावाचं नवं रेलिंग जुन्याच्या जवळपास दुप्पट किमतीला पडलं आणि सध्या ठीक आहे. ३१६ म्हणजे अमरपट्टा नव्हे; तेही न धुता ठेवलं तर डाग धरतं. पण माणूस ज्याला धरून उभा राहतो तिथे काटकसर करू नये. तुम्ही पुण्याहून फिटिंग करून नेणार असाल, तर धातूची जात बिलावर लिहून घ्या आणि तयार मालाच्या एका तुकड्याची चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा. कारागीर त्याला तयार नसेल तर दुसरा शोधा.