काठावरचे गुरू

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मुलांना होडीचे नवल वाटत नाही. उरण, अलिबाग, मुरूड या बाजूंच्या कोळीवाड्यांतील मुले लहानपणापासून तांडेलाच्या शेजारी बसून वारा ओळखावयास शिकतात. भरती केव्हा लागेल, ओहोटी केव्हा सुटेल, हे त्यांना कोणी पुस्तकातून सांगावे लागत नाही.

परंतु त्याच जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. तेथून समुद्र दूर आहे. उल्हास, पेज, पाताळगंगा अशा नद्या तेथे आहेत खऱ्या; पण पावसाळ्यात त्यांना पूर आला म्हणजे काठाशी उभे राहणेही धोक्याचे असते, आणि पावसाळा सरला की पात्रातील खडक जागोजागी उघडे पडतात. त्यामुळे वल्ही मारणे हे खाडीकाठच्या लोकांचे काम, आपण डोंगराकडची माणसे, असे तेथील एखाद्या मुलास वाटले तर त्यात आश्चर्य नाही. तरीही हा समज बरोबर नाही. ज्याने लहानपणी हंडाभर पाण्याचे मोल जाणले, अशा अवर्षणी गावातील मुलगाही नौकानयनात देशाचे नाव उज्ज्वल करू शकतो. मात्र त्याला शिकवणारा कोणीतरी भेटावा लागतो.

कर्जतहून आगगाडी बोरघाट चढून लोणावळ्यास जाते व तेथून पुण्याकडे वळते. पुणे जवळ आले म्हणजे दापोडी आणि खडकी या स्थानकांच्या मध्ये मुळा नदीचा पूल लागतो. पुण्याच्या या नद्यांवर नौकानयनाची परंपरा फार जुनी आहे. रॉयल कॅनॉट बोट क्लब ही संस्था येथे १८६८ साली निघाली. मुळा-मुठेच्या संगमाजवळ असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ साली सुरू झाला. या महाविद्यालयाचे २०२२ साली विद्यापीठ झाले. परंतु तेथील प्रथा बदललेली नाही. वरच्या वर्गातील विद्यार्थी नव्याने आलेल्यांना वल्हे धरावयास शिकवतात, आणि आज शिकणारे पुढे शिकवणारे होतात. दापोडीस लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे भूदलाचे नौकानयन केंद्र असून जवानांना शर्यतीचे शिक्षण मिळते.

शर्यतीची नौका मासेमारीच्या होडीहून अगदी वेगळी असते. एका माणसाची नौका सुमारे आठ मीटर लांब असते, पण तिची रुंदी इतकी कमी की त्यात जेमतेम एक माणूस बसावा. तिचे वजन चौदा किलोग्रॅमच्या आसपास असते. वल्हेकऱ्याने जरा तोल सोडला की ती कलंडते. म्हणून पहिला धडा पोहण्याचा. नौका उलटली तर घाबरून न जाता बाहेर कसे यावे, तिला धरून कसे राहावे, हे आधी शिकवले जाते. त्यानंतरच वल्हे हाती येते.

नवशिक्यास वाटते की नौका हातांच्या बळावर चालते. वास्तविक बहुतेक जोर पायांचा असतो. वल्हेकऱ्याची बैठक रुळांवर पुढे-मागे सरकते. तो गुडघे दुमडून पुढे येतो, वल्ह्याचे पाते पाण्यात घालतो, पाय रेटून अंग मागे नेतो, पाते अलगद बाहेर काढतो आणि पुन्हा पुढे येतो. दोन हजार मीटरांच्या शर्यतीत हीच क्रिया दोनशेहून अधिक वेळा करावी लागते. प्रत्येक वेळी थोडी चूक झाली तरी शेवटी तिचा हिशेब मोठा होतो.

आता ही चूक पाहणार कोण? वल्हेकरी नौकेत उलट्या दिशेने तोंड करून बसतो. मागे टाकलेले पाणी त्याला दिसते. जेथे पोहोचावयाचे ती रेषा त्याच्या पाठीशी असते. आपली पाठ वाकली की ताठ राहिली, पाते खोल गेले की उथळ, हे त्याला स्वतःला नीट कळत नाही. काठावरून पाहणाऱ्याला मात्र ते सारे दिसते. म्हणून प्रशिक्षक पहाटे, वारा सुटण्यापूर्वी, काठावर हजर असतो. कधी तो सायकलवरून नौकेच्या बरोबरीने जातो, तर कधी यंत्राच्या होडीतून मागोमाग येतो. हातातील कर्ण्यातून तो एकच सूचना दहा वेळा देतो आणि अकराव्या वेळी ती शांतपणे पुन्हा सांगतो.

अशाच एका प्रशिक्षकाचे नाव कुदरत अली. त्यांच्या हाताखाली आलेला एक जवान नाशिक जिल्ह्यातील होता. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्याचे गाव आणि दत्तू बबन भोकनळ हे त्याचे नाव. तो भाग नेहमी पाण्याच्या टंचाईचा. दत्तूचे वडील विहिरी खोदण्याचे काम करीत, आणि दत्तूही त्यांच्याबरोबर कुदळ-पहार घेऊन राबत असे. ज्या मुलाने पाणी शोधण्यासाठी जमीन फोडली, त्याने भरलेले विस्तीर्ण पाणी क्वचितच पाहिले होते. २०११ साली वडील वारले आणि घराचा भार दत्तूवर आला. २०१२ साली तो सैन्यात भरती होऊन खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये दाखल झाला.

त्याची सहा फुटांहून अधिक उंची आणि लांब हात कुदरत अली यांच्या नजरेत भरले. नौकानयनाला असाच बांधा लागतो. परंतु दत्तूला पाण्याची भीती वाटत असे. भीती वाटणाऱ्याला हसणे सोपे आहे, आणि त्याला सोडून दुसऱ्याला निवडणे त्याहून सोपे. कुदरत अली यांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी त्याला या खेळात आणले आणि त्याच्याकडून नेटाने सराव करवून घेतला. विहीर खोदताना कमावलेले बळ आता वल्ह्याच्या कामी आले.

पुढची वाटचाल वेगाने झाली. २०१६ साली दक्षिण कोरियातील चुंगजू येथे झालेल्या पात्रता-शर्यतीत दत्तूने रौप्यपदक मिळवले आणि रिओच्या ऑलिंपिकमध्ये त्याला प्रवेश मिळाला. त्या वर्षी नौकानयनात भारतातर्फे उतरलेला तो एकटाच खेळाडू होता. जगातील निवडक वल्हेकऱ्यांमध्ये त्याने तेरावा क्रमांक पटकावला.

२०१८ साली इंडोनेशियात आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. तेथे एकट्याच्या शर्यतीत दत्तूकडून मोठी आशा होती. परंतु प्रकृतीने दगा दिला आणि अंतिम शर्यतीत तो सर्वांच्या मागे राहिला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्ट रोजी, चौघांची शर्यत होती. सवर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग या सोबत्यांबरोबर दत्तू पुन्हा नौकेत बसला. चार जणांची आठ वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडली पाहिजेत. एकाचे मन खचले तरी चौघांची गती मंदावते. त्या दिवशी ती मंदावली नाही. भारताला सुवर्णपदक मिळाले.

त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक इस्माईल बेग होते. २०१० साली ग्वांगझू येथे बजरंगलाल ताखर यांनी आशियाई स्पर्धांतील नौकानयनाचे भारताचे पहिले सुवर्णपदक जिंकले, तेव्हाही बेग हेच मार्गदर्शक होते. उत्तम प्रशिक्षकांना भारत सरकार द्रोणाचार्य पुरस्कार देते. बेग यांना तो २००५ सालासाठी मिळाला. परंतु विजयाच्या समारंभात पदक खेळाडूच्याच गळ्यात पडते. प्रशिक्षक बाजूला उभा राहून ते पाहतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नव्या मुलांसाठी पुन्हा काठावर येतो. पुरस्कार मिळणारे थोडे. ज्यांची नावे कोठेच छापली जात नाहीत असे पुष्कळ.

कर्जत वा खालापूरच्या एखाद्या मुलाला उद्या वल्हे धरावेसे वाटले, तर त्याने एकट्याने नदीत उतरण्याचे साहस करू नये. त्याने प्रथम जाणत्याकडून पोहणे शिकावे, आणि मग घाटापलीकडची वाट धरावी. जन्म कोणत्या गावी व्हावा, हे कोणाच्या हाती नसते. शिकवणाऱ्याचे मन लावून ऐकणे मात्र प्रत्येकाच्या हाती असते. आणि शिकल्यावर मागून येणाऱ्याला शिकवणे, हेही.

स्वाध्याय

१. कर्जत-खालापूरकडील मुलांना नौकानयन हे आपले काम नव्हे, असे का वाटण्याचा संभव आहे?
२. वल्हेकऱ्याला स्वतःची चूक का दिसत नाही? ती कोण दाखवतो?
३. ‘विहीर खोदताना कमावलेले बळ आता वल्ह्याच्या कामी आले.’ या वाक्याचे स्पष्टीकरण करा.
४. कुदरत अली यांचा कोणता गुण तुम्हांला अधिक आवडला? कारण लिहा.
५. पुढील शब्दांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : अवर्षण, कलंडणे, नवशिका, मन खचणे, दगा देणे.
६. तुमच्या गावात मुलांना विनामोबदला काही शिकवणाऱ्या व्यक्तीची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.