पासवर्ड विसरला म्हणून पीएफ बुडत नाही



शिरोली एमआयडीसीतील फाउंड्र्यांत राबणाऱ्या आपल्या आदिवासी बांधवांकडून मी एक प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकते : “ताई, पासवर्ड आठवत नाही. आता पीएफ बुडाला का?” गावी परतताना काही जण याच भीतीने हक्काच्या पैशांवर पाणी सोडतात. त्यांना मदत करता यावी म्हणून हा धडा.

पैसे बुडत नाहीत. पगारातून कापलेली रक्कम आणि मालकाच्या वाट्याचा काही भाग भविष्य निर्वाह निधीत कामगाराच्याच नावावर असतो. २०१४ पासून सभासदाला १२ अंकी यूएएन मिळतो. नोकरी बदलली तरी तो तोच राहतो. पासवर्ड ही कुलपाची किल्ली. ती नवी करून मिळते.

१. यूएएन शोधा. बहुधा तो पगाराच्या पावतीवर असतो.

२. ईपीएफओच्या सभासद पोर्टलवर ‘फरगॉट पासवर्ड’ निवडा. यूएएन आणि चित्रातील अक्षरे भरा. नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येईल. तो भरून नवा पासवर्ड ठेवा.

३. तो मोबाइल नंबर बंद असेल, तर नाव, जन्मतारीख आणि आधारचा तपशील पडताळून नवा नंबर जोडावा लागतो. आधारलाही जुनाच नंबर असेल, तर आधी आधार केंद्रात तो बदलावा. तिथे बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणून स्वतःच जावे.

४. आधारमधील आणि कंपनीने नोंदवलेले नाव जुळत नसेल, तर जॉइंट डिक्लेरेशन देऊन दुरुस्ती करावी.

खरी गाठ मोबाइल नंबराशी आहे. रिचार्जअभावी सिम बंद पडते आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्याला दिला जातो. कधी नोंदणीच्या वेळी मुकादमाचा नंबर लिहिलेला असतो. ज्याच्या हाती नंबर, त्याच्या हाती किल्ली. म्हणून नंबर स्वतःचा हवा आणि चालू हवा.

मंडळीतील तरुणांना माझी विनंती : अशा बांधवाशेजारी बसा, पण अक्षरे त्यालाच दाबू द्या. त्याचा पासवर्ड तुमच्या वहीत नको, त्याच्याच घरी सुरक्षित असू द्या. फोनवर कुणी ओटीपी मागितला तर देऊ नये, आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवावे, हेही त्याला सांगा. पुढच्या वेळी तो स्वतःच हे कुलूप उघडेल, आणि शेजारच्यालाही शिकवील.