वाघबारशीची वर्गणी आणि पौलाचे उत्तर

शास्त्रवाचन : १ करिंथ ८ व १० वा अध्याय, दानीएल १:१-१६



वाघबारस जवळ आली की पाड्यांवरील आपल्या विश्वासी कुटुंबांपुढे तोच प्रश्न उभा राहतो. गुराढोरांचे रक्षण व्हावे म्हणून गाव वाघदेवाला कोंबडे-बोकड देतो. त्यासाठी घरटी वर्गणी निघते, वाटे घरोघर जातात. वर्गणी नाकारली तर कापणीला सावड मिळेल का, मयताला खांदा द्यायला कोणी येईल का, ही भीती खरी असते. डोंगरातल्या एकट्या घराला हा प्रश्न सोपा नाही. पवित्र शास्त्रही त्याला सोपा समजत नाही.

पौलाने इ.स. ५५ च्या सुमारास करिंथच्या मंडळीला लिहिले, तेव्हा तिथेही हाच पेच होता. मंदिरांच्या आवारात जेवणाच्या खोल्या असत. अस्क्लेपियस देवाच्या मंदिरातील अशा खोल्या उत्खननात सापडल्या आहेत. सोयरेधायरे तिथे एकत्र जेवत. न जाणारा माणूस एकटा पडे. पौल एकच सरसकट नियम देत नाही. तो तीन ठिकाणे वेगळी करतो.

१. बाजार (१०:२५-२६). तिथे विकले जाते ते चौकशी न करता खा. सर्व काही प्रभूचेच आहे.

२. शेजाऱ्याचे घर (१०:२७-२८). बोलावणे आले तर जा, वाढले ते खा. मात्र हे देवाला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका.

३. वेदी (१०:१४-२१). प्रभूचे मेज आणि दुसरे मेज, दोन्हींचे भागीदार होता येत नाही.

या तिन्हींवर आठव्या अध्यायाची अट आहे : माझ्या मोकळीकीमुळे दुबळा भाऊ अडखळू नये.

दानीएलाकडे पाहा. बाबेलने दिलेले नाव त्याने घेतले, खास्द्यांची भाषा व विद्या शिकला, राजाची चाकरी केली. राजाच्या ताटातले अन्न मात्र नाकारले. तेही भांडून नाही. त्याने विनंती केली, अधिकाऱ्याची भीती ऐकून घेतली आणि दहा दिवसांची परीक्षा सुचवली.

यातून आपल्यासाठी काय?

पूजेच्या वर्गणीला नम्रपणे नाही म्हणावे, पण शाळा, पाणवठा, रस्ता यांच्या कामात आपले घर पुढे असावे. वर्षभर सावडीला न जाता सणाला तेवढे नाही म्हटले, तर गावाला त्यात विश्वास दिसत नाही, तुटकपणा दिसतो. नकार सणाच्या आधी, गावच्या जाणत्यांसमोर, घरच्या माणसाने स्वतः सांगावा. शहरातून आलेल्या पाळकाने नव्हे. वाटा आला तर आणणाऱ्याचा मान राखून सांगावे, “काका, तुमच्या घरचं आम्ही एरवी खातोच, हा वाटा मात्र प्रभूमुळे घेता येत नाही.” वाघदेवाची टिंगल कधीही करू नये.

बोली, लुगडे, नागलीची भाकर, तारप्याचा सूर सोडायची गरज नाही. यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीयांना यहूदी व्हायला लावले नाही (प्रे. कृत्ये १५). मग आपण वारल्याला शहरी का करावे?

आणि गावाने खरोखर सावड थांबवली तर? तेव्हा मंडळीने प्रार्थनेबरोबर विळेही पाठवावेत. एका अंगाला दुखले तर सर्वांना दुखते, हे याच पत्रात पुढे लिहिले आहे (१२:२६).

शेवटी स्वतःला विचारू या. रोम १२:२ फक्त पाड्यांसाठी नाही. लग्न जुळवताना जुनी जात पाहणारे, हुंड्याला भेट म्हणणारे शहरी विश्वासी कोणत्या मेजावर बसतात?

चर्चेसाठी प्रश्न
- बाजार, शेजाऱ्याचे घर आणि वेदी : आपल्या गावात ही तीन ठिकाणे कोणती?
- आपल्या वागण्याने कोणता दुबळा भाऊ अडखळतो?
- या हंगामात कोणत्या कुटुंबाला माणसांची गरज आहे?

प्रार्थना : प्रभू, नाही म्हणण्याचे धैर्य दे, आणि ते म्हणताना शेजाऱ्यावरची प्रीती कमी होऊ देऊ नकोस. आमेन.