संगणकाला कुलूप लागलं? चुकारे अडू देऊ नका

बाहेर कापसाच्या गाड्या लागल्यात आणि धामणगाव रेल्वेच्या तुमच्या जिनिंगमध्ये संगणक खंडणी मागतोय. टॅली उघडत नाही, फायलींच्या नावांना भलतंच शेपूट फुटलंय. घाबरू नका, एकेक पायरी सोबत करू. क्रम मात्र बदलायचा नाही.

१. प्रत्येक संगणकाची नेटवर्क केबल उपसा. जो धड दिसतोय त्याचीही! जुलै २०२४ मध्ये लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज कंपनीवर असा हल्ला झाला, तेव्हा देशातली पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयनं आधी तिला पेमेंटच्या जाळ्यातून तोडलं. सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडले, तरी तोडलंच. तुम्हीही कचरू नका.

२. वायफायचा राउटर बंद करा. काट्यावरचा संगणक त्यावर चालत असेल, तर तो हमखास विसरला जातो.

३. बॅकअपची डिस्क लावलेली असेल तर काढा. सुटी असेल तर ‘बघू तरी’ म्हणून लावू नका, तीही जाईल.

४. स्क्रीनचा फोटो मोबाइलवर काढा. संगणक चालूच राहू द्या. बंद केलात तर मेमरीतला पुरावा पुसला जातो.

५. काटापट्टी हातानं लिहायला घ्या. कार्बन घाला, पट्टीवर क्रमांक टाका. गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, भाव, शेवटी शेतकऱ्याची सही. क्रमांक चुकला की पुढं हिशेब जुळत नाही. मला विचाराल तर हीच पायरी सगळ्यांत मोलाची. शेतकऱ्यानं माल मोजून दिलाय, त्याचा चुकारा थांबता कामा नये.

६. सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. उद्यावर टाकू नका.

७. सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेला कळवा. कंपन्यांना त्यासाठी माहिती झाल्यापासून सहाच तास असतात.

८. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला, तेही बाहेरच्या स्वच्छ संगणकावरून. खंडणीखोराला उत्तर देऊ नका. पैसे भरूनही फायली सुटतील याची हमी नाही.

९. जाणकाराकडून बिघडलेल्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून घ्या. फायली उघडायची किल्ली आज नसली तरी पुढं निघू शकते.

१०. ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर फुकटची किल्ली आहे का, ते तपासा. तिथं कुलूप लागलेल्या फाइलचा नमुना द्यावा लागतो; त्यासाठी शेतकऱ्यांच्या खात्यांची फाइल देऊ नका.

११. चोर कुठून शिरला ते शोधून काढा. दुरून संगणक चालवायची सोय रात्रंदिवस उघडी होती का, इथून सुरुवात करा. हे भोक बुजवल्याशिवाय पुढं गेलात तर आठवड्यात पुन्हा तेच.

१२. आता संगणक फॉरमॅट करून अस्सल विंडोज टाका. चोरीची प्रत नकोच.

१३. हल्ल्याच्या आधीचा बॅकअप एकाच संगणकावर उतरवा. कालचाच घेऊ नका. विषाणू आधीपासून दबा धरून बसलेला असू शकतो.

१४. टॅलीतली शिल्लक बँकेच्या उताऱ्याशी ताडून बघा.

१५. हातच्या पट्ट्या क्रमानं चढवा. चढवलेल्या पट्टीवर लगेच खूण करा, नाहीतर एकाच गाडीचा चुकारा दोनदा निघेल.

१६. बाकीचे संगणक एकेक करून जोडा, काट्यावरचा सगळ्यांत आधी.

१७. दोन डिस्क आणा. एक दिवसाआड आलटूनपालटून बॅकअप घ्या, आणि संध्याकाळी घेतलेली डिस्क काढून घरी न्या.